हँड पॅलेट ट्रकची चाके: निवड, बदल आणि देखभाल यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या उद्यमबागेत, मच्छे आणि होनगा येथील औद्योगिक वसाहतींत, निपाणीच्या तंबाखू वखारींत आणि संकेश्वर-हुक्केरी भागातल्या गोदामांत हाताने ओढायची पॅलेट ट्रॉली आता सर्रास दिसते. तिच्या पंपाविषयी आपल्याकडे जाणकारांची वाण नाही, कारण हायड्रॉलिकचे सुटे भाग बनवणे हा बेळगावचा जुना धंदा आहे. चाकांकडे मात्र ती पूर्ण निकामी होईपर्यंत कुणाचे लक्ष जात नाही. दुरुस्तीच्या कामात मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. आपल्या सीमाभागात एकाच गाळ्यात कुणी ‘चाक’ म्हणतो, कुणी ‘गाली’ म्हणतो. अडचणी दोघांच्याही सारख्याच असतात.

पॅलेट ट्रकला किती चाके असतात आणि त्यांची कामे कोणती?

हँडलखाली दोन मोठी चाके असतात, त्यांना स्टिअरिंग चाके म्हणतात. त्यांचा व्यास बहुधा १८० किंवा २०० मि.मी. आणि रुंदी ५० मि.मी. असते. फोर्कच्या, म्हणजे पॅलेटखाली शिरणाऱ्या दोन लांब दांड्यांच्या, टोकाशी खाली जे छोटे रोलर असतात, ते प्रत्येक फोर्कला एक किंवा दोन असतात आणि त्यांचा व्यास साधारणपणे ८० मि.मी.च्या आसपास असतो. काही ट्रॉल्यांच्या फोर्कच्या अगदी टोकाला आणखी एक बारीक चाक दिसते. ते भार उचलत नाही, ट्रॉली पॅलेटमध्ये सहज शिरावी एवढ्यासाठीच ते असते.

वळायचे काम मोठी चाके करत असल्यामुळे सारा भार तीच पेलतात असा समज आहे, तो चुकीचा आहे. माल फोर्कवर नीट मध्यभागी ठेवला तर त्यातला अर्ध्याहून बराच अधिक भार पुढच्या छोट्या रोलरवर येतो. म्हणूनच रोलर आधी झिजतात आणि म्हणूनच त्यांची निवड अधिक काळजीने करावी लागते.

चाक बदलायची वेळ आली आहे हे कसे ओळखावे?

रिकामी ट्रॉली शांत जागी दहा पावले ओढावी आणि कान द्यावा. एकसारखी घरघर येत असेल तर बहुधा बेअरिंग कोरडे पडलेले असते. ठराविक अंतराने ‘टक टक’ असा ठोका येत असेल तर चाकावर कुठेतरी सपाट भाग झालेला असतो किंवा पृष्ठभागाचा तुकडा निघालेला असतो. त्यानंतर ट्रॉली आडवी करून प्रत्येक चाक बोटाने फिरवावे. चांगले चाक अडखळत नाही, खरखरत नाही आणि अंगठा व तर्जनी यांत धरून बाजूला हलवले तर डुगडुगत नाही.

पीयूच्या, म्हणजे पॉलियुरेथेनचा थर असलेल्या, चाकात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. पीयूचा थर आणि आतला बिडाचा किंवा ॲल्युमिनियमचा गाभा जिथे मिळतात, त्या कडेला नखाने चाचपावे. तिथे फट दिसली तर थर गाभ्यावरून सुटायला लागला आहे, आणि असे चाक वरून कितीही नवे दिसले तरी भाराखाली एक दिवस अचानक सोलून निघते. नायलॉनच्या रोलरला केसासारख्या बारीक चिरा पडलेल्या दिसल्या तरी तो काढून टाकावा.

झीज मोजायची तर व्हर्निअर लावावा. व्यास ६ मि.मी. कमी झाला की फोर्कचे टोक ३ मि.मी. खाली येते, आणि खड्डेदार जमिनीवर किंवा उतारपट्टीच्या तोंडाशी तेवढ्यानेही फोर्क घासू लागतो. माझ्या कामात मी ८० मि.मी.चा रोलर ७५ च्या खाली गेला की वापरात ठेवत नाही. काही जण ७२ पर्यंत नेतात, पण तोवर धुऱ्याचे भोकही बहुधा लंबगोल झालेले असते.

झिजलेल्या चाकांवरही ट्रॉली चालतेच; मग बदलण्याची घाई कशाला?

ट्रॉली चालत नाही, ती माणूस चालवतो. जाम झालेल्या बेअरिंगची किंवा चेपलेल्या चाकाची ट्रॉली हलवायला पहिला जो झटका द्यावा लागतो, तो ओढणाऱ्याच्या कमरेत आणि खांद्यात बसतो, आणि दिवसातून शंभर वेळा बसतो. एका वखारीतले वयस्क हमाल मामा भरलेली ट्रॉली आधी थोडी मागे ढकलून, मग अंग टाकून पुढे ओढत असत. त्यांना तसे का करता असे विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘‘ती तशीच निघते.’’ चारही रोलर काढून पाहिले, तर त्यांपैकी दोन मुळी फिरतच नव्हते. जमिनीवरून घासत जाऊन त्यांचा खालचा भाग सपाट झाला होता. रोलर बदलायला दीड तास लागला. त्याआधी किती महिने मामा तसे ओढत होते हे मी विचारले नाही, पण तेव्हापासून कुणी ‘चालतंय तोवर चालू दे’ म्हटले की मी त्याला ती ट्रॉली एकदा स्वतः ओढून पाहायला सांगतो.

जमिनीचेही नुकसान होते. न फिरणारा रोलर कोब्यावर पांढरी रेघ ओढत जातो, आणि चाकाचा खर्च वाचवता वाचवता फरशीचा खर्च येतो.

नवे चाक मागवताना कोणती मापे द्यावीत? ट्रॉलीचे नाव सांगितले तर पुरे नाही का?

पुरे नाही. एकाच नावाच्या ट्रॉलीत वेगवेगळ्या काळी वेगवेगळी चाके बसवलेली आढळतात, आणि मधल्या काळात कुणीतरी मूळ धुरा काढून दुसरा बसवलेला असण्याचीही शक्यता असते. मापे प्रत्यक्ष घ्यावीत आणि ती चार असावीत: बाहेरचा व्यास, जमिनीला टेकणाऱ्या पृष्ठभागाची रुंदी, बेअरिंगसह चाकाची एकूण लांबी आणि धुऱ्याचा व्यास.

यांतली दुसरी आणि तिसरी मापे एकच समजली जातात, आणि बहुतेक चुका तिथेच होतात. मीही ही चूक केली आहे. एकदा फोनवर ‘८० बाय ७०, २० चा धुरा’ एवढेच सांगून बारा रोलर मागवले. आलेल्या रोलरची रुंदी बरोबर ७० होती, पण त्यांची बेअरिंगे दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर बाहेर आलेली होती, आणि आमच्या ट्रॉलीच्या पट्ट्यांमधले अंतर ७१ होते. विकणाऱ्याने ते परत घेतले नाहीत, आणि त्याची चूक होती असेही म्हणता येत नाही, कारण आम्ही अंतर सांगितलेच नव्हते. तेव्हापासून रोलर ज्या दोन पट्ट्यांमध्ये बसतो त्यांच्यामधले आतले अंतर मी आधी लिहून घेतो. रोलर त्याहून थोडा आखूड असेल तर वॉशर घालून भरता येतो. लांब असेल तर काहीच करता येत नाही.

झिजलेल्या चाकाचा बाहेरचा व्यास मोजून उपयोग नसतो. चाकाच्या बाजूवर कधी कधी मूळ माप कोरलेले असते, ते चिखल पुसून पाहावे. नसेल तर ट्रॉलीतले सर्वांत कमी झिजलेले चाक मोजावे, आणि त्याच्याही कडेला, जिथे ते जमिनीला कमी टेकते.

नायलॉन घ्यावे, पीयू घ्यावे, रबर घ्यावे की बिडाचे?

या प्रश्नाला एकच उत्तर देणारा विक्रेता भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. चाकाचे उत्तर जमिनीत असते, म्हणून आधी आपली जमीन पाहावी.

नायलॉन कडक असते, जड भाराखाली चेपत नाही, म्हणून ओढायला हलके जाते. पाणी, साबण आणि साधी रसायने त्याला फारशी बाधत नाहीत. परंतु ते आवाज करते, धक्के जसेच्या तसे फोर्कपर्यंत पोचवते आणि शहाबादी फरशीच्या किंवा टाइल्सच्या कडा उडवते. गुळगुळीत, न भेगाळलेल्या ट्रिमिक्स (पाणी शोषून घट्ट केलेल्या काँक्रीटच्या) जमिनीवर किंवा रोज धुतल्या जाणाऱ्या जागेत ते उत्तम काम देते. कुंदा, बेकरीचे पदार्थ किंवा दुधाचे पदार्थ तयार होतात अशा ठिकाणी मी डोळे मिटून नायलॉनचे रोलर आणि स्टेनलेस बेअरिंग सुचवतो.

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. धातूच्या किंवा नायलॉनच्या गाभ्यावर त्याचा थर ओतून बसवलेला असतो. पॅलेट ट्रकसाठी तो बहुधा ९० ते ९५ शोअर ए (रबरासारख्या पदार्थांचा कडकपणा मोजायची पट्टी) इतका कडक असतो, म्हणजे अंगठ्याने दाबला तर दबत नाही, पण जमिनीला खुपतही नाही. त्याचा आवाज कमी येतो, इपॉक्सी जमीन सुरक्षित राहते आणि मशीन शॉपमधल्या कटिंग ऑइलने किंवा ग्रीसने तो फुगत नाही. त्याचे दोन शत्रू आहेत. एक म्हणजे उष्णता: साधारण ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या वर त्याची ताकद झपाट्याने कमी होते. दुसरे म्हणजे गरम पाणी आणि दीर्घकाळचा दमटपणा: पीयूच्या काही जाती ओलाव्यात हळूहळू विरघळल्यासारख्या मऊ आणि चिकट होतात व तुकड्यातुकड्यांनी गळतात. वाफेने जमीन धुतली जाते तिथे पीयू घ्यायचेच असेल, तर पाण्याला टिकणारी ईथर जातीची आहे का हे विचारूनच घ्यावे.

रबर धक्के चांगले शोषते आणि ओल्या जमिनीवर चांगले पकडते, म्हणून ते स्टिअरिंग चाकांना कधी कधी वापरतात. पुढच्या रोलरला मात्र रबर घेऊ नये, कारण जड भाराखाली ते चेपते आणि ट्रॉली ओढायला फार जड जाते. खनिज तेलात रबर फुगते, त्यामुळे लेथ आणि व्हीएमसी (संगणकावर चालणारे उभे मिलिंग यंत्र) असलेल्या गाळ्यात ते टिकणार नाही.

बिडाची किंवा पोलादाची चाके फक्त फाउंड्रीतल्या गरम भागासाठी ठेवावीत. ओतकाम झाल्यावर साच्यातून निघालेली कास्टिंग ज्या ट्रॉलीवरून हलवली जातात, तिला पीयू लावले तर ते काही आठवड्यांत खराब होते. तिथली जमीन तशीही खडबडीत असते, त्यामुळे बिडाच्या चाकाने तिचे आणखी काही बिघडत नाही. तीच ट्रॉली मग फिनिशिंगच्या चांगल्या कोब्यावर आणू नये एवढी शिस्त मात्र पाळावी लागते.

आमच्या मशीन शॉपमध्ये चाकांना लोखंडाच्या चिप्स रुततात. काय करावे?

हा उद्यमबागेतला सर्वांत मोठा प्रश्न आहे, आणि त्यावर चाक हा अर्धाच उपाय आहे. बिडाच्या दाणेदार चिप्स नायलॉनमध्ये कमी आणि पीयूमध्ये अधिक रुततात. पोलादाच्या लांब, कुरळ्या चिप्स धुऱ्याभोवती गुंडाळल्या जातात आणि बेअरिंगचे सील कापतात. म्हणून जिथे मिलिंग आणि ड्रिलिंग चालते तिथून जाणाऱ्या ट्रॉलीला मी पुढे नायलॉन आणि मागे पीयू अशी जोडी सुचवतो: पुढचे रोलर चिप्स कमी धरतात, मागची चाके आवाज आणि धक्का कमी करतात. त्यासोबत जाण्यायेण्याची वाट दिवसातून दोनदा झाडली गेली पाहिजे. झाडू नसेल तर कोणतेही चाक टिकणार नाही.

फोर्कला एकेक रोलर असावा की दोन-दोन?

एका फोर्कला पुढेमागे दोन रोलर असतील तर त्याला टँडम म्हणतात. समजा १,३०० किलो भार पुढे आला आहे. एकेरी रचनेत प्रत्येक रोलरवर ६५० किलो येतात, टँडममध्ये ३२५. त्यामुळे जमिनीवरचा दाब कमी होतो, आणि कोब्याच्या सांध्यावरून किंवा लोखंडी चेकर्ड प्लेटच्या कडेवरून जाताना एक रोलर खाली असतो तोवर दुसरा भार धरतो. जुन्या वखारींत जिथे फरशा वर-खाली झालेल्या आहेत तिथे टँडमच घ्यावे. एकेरी रोलर अधिक रुंद असतो आणि त्याला सुटे भाग कमी लागतात, त्यामुळे सपाट, चांगल्या जमिनीवर तो पुरतो. ट्रॉली मुळात एकेरी रचनेची असेल तर तिला टँडम करायच्या फंदात पडू नये. त्यासाठी पुढची सगळी चौकटच बदलावी लागते.

एकच चाक खराब झाले तर तेवढेच बदलावे का?

नाही. निदान जोडी बदलावी, आणि टँडममध्ये चारही. नवा ८० चा रोलर आणि शेजारचा ७५ चा जुना रोलर यांत नवाच सारा भार घेतो आणि जुना हवेत तरंगल्यासारखा राहतो, त्यामुळे नवा लवकर जातो.

बेअरिंग कोणते असते, आणि ते वेगळे बदलता येते का?

पॅलेट ट्रकमध्ये ६२०४ हे बेअरिंग फार आढळते: आतला व्यास २० मि.मी., बाहेरचा ४७ आणि जाडी १४. २५ च्या धुऱ्याला ६२०५ लागते, ज्याचा बाहेरचा व्यास ५२ आणि जाडी १५ असते. क्रमांकापुढे टूआरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील असते, झेडझेड असेल तर पत्र्याचे झाकण. धूळ, पाणी आणि चिप्स असलेल्या जागेत टूआरएसच घ्यावे. पत्र्याचे झाकण धूळ अडवते, पण पाणी अडवत नाही.

चाकाचा पृष्ठभाग चांगला असेल तर नुसते बेअरिंग बदलणे अगदी योग्य आहे. नवे बेअरिंग चाकात बसवताना दाब फक्त बाहेरच्या कड्यावर द्यावा. आतल्या कड्यावर हातोडी मारली की गोळ्यांचे बारीक व्रण कड्यांवर उमटतात, आणि ते बेअरिंग पहिल्याच दिवसापासून आवाज करते. ४७ चे बेअरिंग असेल तर ४६ च्या आसपास बाहेरचा व्यास असलेला पाइपचा तुकडा घ्यावा आणि व्हाइसमध्ये किंवा हँड प्रेसवर हळूहळू दाबावे.

रोलर आमच्या फिटरला स्वतः बदलता येतील का?

येतात, आणि बाहेर पाठवण्यापेक्षा ते चांगले. ट्रॉली रिकामी करावी. हँडल मारून फोर्क वर घ्यावेत, म्हणजे रोलरची चौकट फोर्कच्या पोटातून बाहेर येते. मग दोन माणसांनी मिळून ट्रॉली गोणपाटावर कुशीवर निजवावी. तिचे वजन साधारण ७० ते ८० किलो असते, त्यामुळे एकट्याने हे करू नये. उभ्या, उचललेल्या ट्रॉलीच्या खाली हात घालून काम कधीच करू नये, कारण चुकून रिलीज लिव्हर दाबला गेला तर बोटे चौकटीत सापडतात.

धुरा स्प्रिंग पिनने, म्हणजे भोकात दाबून बसवलेल्या पोकळ पिनने, अडवलेला असतो. ती पिन तिच्याच मापाच्या पंचने ठोकून काढावी. खिळ्याने काढायचा प्रयत्न केला की पिनचे तोंड पसरते आणि मग ड्रिल करावे लागते. पिन निघाली की धुरा एका बाजूने ठोकून बाहेर काढावा आणि वॉशर कोणत्या क्रमाने होते ते मोबाइलवर टिपून ठेवावे. धुरा हातात घेऊन त्यावरून नख फिरवावे. बेअरिंग बसते तिथे खाच लागली तर धुराही बदलावा, नाहीतर नवे बेअरिंग जुन्या खाचेत डुगडुगत राहते. भोके पुसून, धुऱ्याला ग्रीसचा पातळ हात लावून, नवा रोलर वॉशरसह बसवावा आणि पिन नवीच घालावी. एकदा काढलेल्या स्प्रिंग पिनचा ताण गेलेला असतो.

ट्रॉली उभी केल्यावर ती नीट उचलत नसेल तर घाबरू नये. आडवी ठेवल्यामुळे पंपात हवा शिरलेली असते. रिलीज लिव्हर खाली करण्याच्या स्थितीत धरून हँडल दहा-पंधरा वेळा मारले की हवा निघून जाते.

आणि मागची स्टिअरिंग चाके?

ती अधिक सोपी आहेत. धुळीची टोपी काढावी, सर्क्लिप (धुऱ्याच्या खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) तिच्या पक्कडीने काढावी, वॉशर बाजूला ठेवावा आणि चाक बाहेर ओढावे. सर्क्लिप उडते, म्हणून डोळ्यांवर चष्मा असावा. बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून चाक कुठे घासत नाही ना हे पाहावे.

बेळगावात टर्नर हाताशी आहेत. चाक बाजारातून घेण्यापेक्षा तयार करून घेतले तर?

नायलॉनचा रोलर रॉडमधून टर्न करून घेता येतो आणि जुन्या, आता न मिळणाऱ्या मापासाठी तो उत्तम मार्ग आहे. टर्नरला दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. नायलॉन कापताना तापते आणि तापले की फुगते, म्हणून बेअरिंगच्या जागेचे शेवटचे माप चाक थंड झाल्यावरच घ्यावे. गरम असताना मापात आलेले भोक थंड झाल्यावर लहान होते आणि बेअरिंग दाबले की रोलरला तडा जातो. दुसरे म्हणजे दोन्ही बाजूंच्या बेअरिंगच्या जागा शक्यतो एकाच पकडीत कराव्यात. रोलर उलटा करून दुसरी बाजू पुन्हा चकमध्ये धरली की दोन भोकांचे केंद्र एका रेषेत राहीलच असे नाही, आणि तेवढ्यानेही बेअरिंग तापून जाते.

धुरा मऊ लोखंडाचा करू नये. ईएन-८ या मध्यम कार्बनच्या पोलादाचा घ्यावा आणि शक्य असेल तर पृष्ठभाग कडक करून घ्यावा. पीयूचा नवा थर जुन्या गाभ्यावर चढवून मिळतो, पण जुना थर पूर्ण काढून, गाभ्यावर सँडब्लास्टिंग करून आणि चिकटवणारे रसायन लावूनच तो ओतला जातो की नाही हे विचारावे. जुन्यावर नवा थर ओतून दिला तर तो काही दिवसांत सोलतो.

पावसाळ्यात वेगळी काळजी घ्यावी लागते का?

खानापूर, जांबोटी या पट्ट्यात आणि बेळगाव शहरातही जून ते सप्टेंबर जमीन सहसा वाळत नाही, आणि तांबडी माती मालाच्या मोटार-ट्रकच्या चाकांबरोबर थेट गोदामाच्या दारापर्यंत येते. ती चाकांवर बसली की खरकागदासारखी घासते. दारापाशी काथ्याचे जाड पायपुसणे किंवा लोखंडी जाळी ठेवावी आणि पॅलेट ट्रक अंगणातल्या पेव्हर ब्लॉकवर नेऊ नये, ८० मि.मी.चा रोलर त्या फटींसाठी केलेलाच नाही. रात्री ट्रॉली कोरड्या जागी ठेवावी. चाके धुवायची तर जोराच्या पाण्याचा झोत बेअरिंगवर मारू नये, आणि रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये बेअरिंग बुडवू नये, कारण सीलमधून ते आत शिरते आणि ग्रीस पातळ करून टाकते.

ग्रीस किती वेळा द्यावे?

टूआरएस बेअरिंगला बाहेरून ग्रीस द्यायचे नसते, त्याच्यात ते भरूनच येते. फोर्कच्या जोडदांड्यांना आणि हँडलच्या बुडाशी जिथे ग्रीस निपल असतात तिथे महिन्यातून एकदा लिथियमचे एमपी-३ सारखे ग्रीस द्यावे, पावसाळ्यात पंधरा दिवसांतून. बाहेर आलेले जास्तीचे ग्रीस पुसून टाकावे, नाहीतर त्यावर धूळ बसून तेच घासकाम करते.

रोज किंवा दर आठवड्याला नेमके काय पाहावे?

रोज दोनच गोष्टी: काम संपल्यावर ट्रॉली रिकामी आणि फोर्क खाली असावेत. भरलेली ट्रॉली रात्रभर एका जागी उभी राहिली तर पीयूची चाके त्या जागी चेपतात, आणि सकाळी पहिल्या काही फेऱ्यांत ती गोल होत नाहीत. शनिवार-रविवार असेच उभे राहिले तर कधी कधी होतच नाहीत.

आठवड्यातून एकदा धुऱ्याभोवती गुंडाळलेले काढावे. गेल्या खंडेनवमीला एका गाळ्यात यंत्रांची पूजा सुरू होण्याआधी आम्ही ट्रॉली निजवली, तेव्हा उजव्या रोलरच्या कडेला निळी प्लास्टिकची पॅकिंग पट्टी सात-आठ वेढे घेऊन घट्ट बसलेली होती. घर्षणाने ती वितळून बेअरिंगच्या रबरी सीलला चिकटली होती आणि सील अर्धे कापले गेले होते. ते काढायला ब्लेड आणि चिमटा लागला. आतले ग्रीस काळे पडून त्यात तांबूस धूळ मिसळली होती. मग नव्या बेअरिंगसह रोलर बसवला, आणि हळदकुंकू त्यानंतर वाहिले. आयुधपूजेला आपण हत्यारांना हात जोडतो, तेव्हा त्या दिवशी चाके काढून पाहण्याचा रिवाज प्रत्येक गाळ्याने ठेवावा असे मला मनापासून वाटते.

ट्रॉली सरळ ओढली तरी एका बाजूला जाते. चाकेच कारण असतील का?

बहुधा होय. मागच्या दोन चाकांच्या व्यासांत फरक असेल, एकाचे बेअरिंग अडकत असेल किंवा धुरा वाकला असेल. दोन्ही चाके मोजावीत आणि हाताने फिरवून पाहावीत. चाके ठीक निघाली तर हँडलखालच्या थ्रस्ट बेअरिंगकडे, म्हणजे वरचा भार पेलून हँडल वळू देणाऱ्या बेअरिंगकडे, वळावे. माल फोर्कवर एका बाजूला ठेवण्याची सवय असेल तर मात्र नव्या चाकांनीही ट्रॉली तिकडेच झुकणार, आणि झीजही त्याच बाजूची होणार.

सुटी चाके साठवून ठेवावीत का?

रोलरची एक पूर्ण जोडी, चार स्प्रिंग पिना, दोन सर्क्लिप आणि दोन बेअरिंगे इतके हाताशी असावे. पीयूची चाके मात्र वर्षानुवर्षांसाठी भरून ठेवू नयेत. आपल्या दमट हवेत तीन-चार पावसाळे फडताळात काढलेले पीयू न वापरताच मऊ पडलेले मी पाहिले आहे. घेताना पृष्ठभागावर नख दाबावे. नखाची खूण राहिली किंवा बोटाला चिकटपणा लागला तर तो माल परत करावा. घेतलेल्या चाकावर महिना आणि वर्ष मार्करने लिहावे आणि आधी आणलेले आधी वापरावे. साठवणीच्या खोक्यावर मापही मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत लिहिले, तर रात्रपाळीचा फिटर कोणताही असला तरी योग्य रोलर उचलतो.